मदत हवी आहे: देव न मानणाऱ्याने 'अमृतानुभव' कुणासोबत वाचावा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, इंदिरानगरला राहते. देवधर्म मानत नाही, पूजाअर्चा करत नाही. पण सध्या ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभव' या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाने मला पुरतं पकडून ठेवलंय.

त्यातलं तिसरं प्रकरण वाचताना मी थबकलेच. ज्ञानेश्वर म्हणतात, शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी ते तसंच असतं. तेराव्या शतकातला हा माणूस देवाच्या शब्दालाही अखेरचा पुरावा मानत नाही! पुढे सातव्या प्रकरणात अज्ञान नावाची वस्तूच कशी टिकत नाही, हे तो एकेक शक्यता खोडत दाखवतो. हे वाचायला श्रद्धा लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

माझी अडचण अशी की, ओव्या एकटीला झेपत नाहीत. हाताशी आलेल्या टीका, म्हणजे अर्थ सांगणारी पुस्तकं, युक्तिवाद आला की 'ही गुरुकृपा' म्हणून पुढे सरकतात. मला तिथेच थांबायचंय.

तर दोन गोष्टी सांगा. ओवीवार गद्य अर्थ देणारी, युक्तिवाद नीट उलगडणारी आवृत्ती कोणती? आणि नाशकात कुणी सोबत वाचेल का? रविवारी सकाळी जमेल. वारकरी असाल तर फारच छान. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांची समाधी इथेच त्र्यंबकेश्वरला. ही परंपरा जगणाऱ्याकडून मला ऐकायचंय. फक्त मी प्रश्न विचारले तर रागावू नका, एवढीच विनंती.