मदत हवी आहे: हॉस्पिटलचा माल नेमका कुठून येतो हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका छोट्या नर्सिंग होममध्ये स्टोअर आणि परचेस बघते. माल सगळा भिवंडीच्या गोडाऊनमधून येतो, पण ग्लोव्हज कुठल्या कारखान्यात बनले विचारलं की "मॅडम, रेट बघा ना" एवढंच उत्तर मिळतं, आणि बॉक्सवर फक्त इम्पोर्टरचा स्टिकर.

हे मनाला लागतं कारण 2020 मध्ये अमेरिकेने मलेशियाच्या टॉप ग्लोव्ह कंपनीचा माल अडवला होता, कामगार नोकरी लावणाऱ्या एजंटची फी भरण्यासाठी काढलेल्या कर्जात अडकलेले, पासपोर्ट काढून घेतलेले असे आरोप होते. नंतर कंपनीने एजंट फीचे पैसे कामगारांना परत केले आणि 2021 मध्ये बंदी उठली. म्हणजे विकत घेणाऱ्याने विचारलं की फरक पडतो! पण आमच्यासारख्या लहान गिऱ्हाईकाने काय मागायचं? ऑडिट रिपोर्ट? लेखी हमी? कोणी पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) अशी अट टाकली असेल तर मसुदा पाठवाल का प्लीज.

दुसरं म्हणजे कचरा. ड्रेसिंग किट फोडलं की आतली कात्री, चिमटा हात न लावताच टाकले जातात, बघवत नाही. सुटं सामान देणारा डिस्ट्रिब्युटर माहीत आहे का? आणि ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) कापडी गाऊन धुऊन नीट ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून देणारी लाँड्री ठाणे, ऐरोली, तळोजा कुठेही चालेल. इन्फेक्शन कंट्रोलवाले आमचे डॉक्टर तयार आहेत, फक्त प्रत्येक लॉटचा स्टेरिलायझेशन रेकॉर्ड हवा म्हणतात.

आसपासची दोन-चार नर्सिंग होम मिळून एकत्र ऑर्डर द्यायला तयार असतील तर इथेच सांगा.