मदत हवी आहे : चिऱ्याच्या घरात माडीपर्यंत वायफाय पोचत नाही. राउटर बदलू की मेश (एकमेकांशी जोडलेले अनेक राउटर) घेऊ?

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. जांभ्याचे चिरे, भिंती दीड फूट तरी असतील. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. केबलवाल्याने डबा (ओएनटी, म्हणजे फायबरवरून आलेलं इंटरनेट घरात देणारं यंत्र) ओटीवर मीटरच्या शेजारी ठोकलाय. त्याला आत घ्यायला सांगितलं तर "फायबर तिथपर्यंतच येते" म्हणाला.

ओटीवर सगळं झकास चालतं. माजघरात रेंज अर्धी. माडीवरच्या मागच्या खोलीत बायको ऑफिसचं काम करते, तिथे मीटिंग चालू असताना मध्येच चित्र गोठतं आणि आवाज तुटक येतो. पावसाळ्यात हे वाढतं असं घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. डब्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आहे.

दुसरी गंमत म्हणजे लॅपटॉपला वायर लावून पाहिलं तरी वेग ९४च्या वर जात नाही. केबलवाला म्हणतो लॅपटॉप जुना असेल. तो गेल्या वर्षीच घेतलाय.

दुकानदाराने सहा अँटेनांचा राउटर सुचवलाय, "भिंत फोडून जाईल" म्हणे. भाचा म्हणतो रिपीटर (आलेली रेंज पकडून पुढे पाठवणारा डबा) घे, स्वस्तात काम होईल. बजेट पाच-सहा हजार. शिवाय नवा राउटर लावायला पीपीपीओईचं (कनेक्शन सुरू करायच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड लागेल ना? ते केबलवाला देत नाही. काय करावं?

प्रतिसाद १

आधी ९४चा उलगडा. हा आकडा दिसला की समजायचं, जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. लॅपटॉपचाच दोष असेल असं नाही. साध्या ओएनटींना बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) असतं आणि बाकीची १००ची. वायर दुसऱ्या पोर्टात घालून बघा. तरी तेच आलं तर वायर बदला. गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी नीट दाबली गेली नसेल तरी वेग गुपचूप १००वर उतरतो आणि बाकी सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं.

अँटेना मोजून राउटर घेऊ नका. राउटर कितीही ओरडला तरी फोनचं उत्तर परत त्याच भिंतीतून यायचं असतं, आणि फोनचा आवाज लहान. त्यात नवे राउटर ज्या ५ गिगाहर्ट्झवर वेग देतात, ते भिंतीत २.४पेक्षा लवकर मरतं. पावसाबद्दल घरचे म्हणतात त्यात तथ्य असू शकतं. चिरा पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. रिपीटरही नको. जिथे रेंज अर्धी तिथे तो लावणार, म्हणजे अर्धीच पुढे वाटणार. तो एकच चॅनल ऐकायला आणि बोलायला वापरतो, त्यामुळे साध्या रिपीटरवर वेग निम्म्यावर येतो. बिनवायरचं मेशही तुमच्या भिंतींपुढे फारसं वेगळं वागणार नाही.

वायर ओढा. ओटीवरून माडीपर्यंत कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल, बाहेर वापरायची, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची गळ्यात मारतील, ती घेऊ नका. १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं. वळचणीखालून पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर माकडं ओढतील. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

माडीवर वायफाय ६चा साधा राउटर पुरे, उदा. टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२३. त्याची पोर्टं गिगाबिट आहेत. तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. पीपीपीओईचं काम डबाच करत राहील, पासवर्ड मागायची गरजच नाही. राउटर मोडवर ठेवलात तर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतील आणि माडीवरच्या फोनला ओटीवरचा टीव्ही सापडणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पोर्ट बदलून पाहिलं, १९०च्या पुढे गेलं! केबलवाल्याला फोटो पाठवलाय, अजून निळी खूण नाही. वायर ओढायचं नक्की. दोन शंका : वायफायची नावं दोन ठेवू की एकच? आणि लाईट गेली की सगळंच बंद पडतं, त्याचं काय?

प्रतिसाद २

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अगदी तेच ठेवा, फोन बहुतेक वेळा आपण होऊन जवळचं पकडेल. २.४चं चॅनल मात्र डब्यावर १ आणि माडीवर ११ करा, म्हणजे दोघं एकमेकांत मिसळणार नाहीत; ऑटोवर सोडू नका. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२वर ठेवा. जुने स्मार्ट प्लग किंवा प्रिंटर असतील तर त्याच्या नव्या आवृत्तीवर, डब्ल्यूपीए३वर, ते रुसतात.

राउटरसाठी छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात. ओटी आणि माडी दोन्हीकडे लागतील. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, सगळेच १२चे नसतात.

प्रतिसाद १

आणि विजा कडाडायला लागल्या की दोन्ही ॲडॅप्टर काढाच, बाहेरून गेलेल्या वायरची दोन्ही टोकंही उपसून ठेवा. फायबरमधून विजेचा झटका येत नाही, पण तांब्यातून येतो.