स्पाडी ही खांदेदुखीची प्रश्नावली मराठीत केली, पण रीटेस्टला आयसीसी कमी पडतोय. काय करू?

दापोलीची फिजिओ
नमस्कार मंडळी, एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या) थीसिससाठी खांदेदुखीची स्पाडी मराठीत आणून तपासतेय. दोघांकडून भाषांतर, मग उलट भाषांतर, तज्ज्ञांची कमिटी, थोड्या पेशंटवर ट्रायल, सगळं रीतसर झालंय. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) पण मस्त आलाय. पण दोन आठवड्यांनी तीच माणसं परत भरतात तेव्हा आकडे जुळत नाहीत, आयसीसी (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात त्याचं माप) ०.७० च्या खालीच. गाईड म्हणतात प्रश्न बदला. पेशंट म्हणजे बागेतले गडी आणि हर्णैच्या कोळणी, बऱ्याच जणांचा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा.

खांदेकरी
प्रश्नांना हात लावू नका! मधे ट्रीटमेंट चालू होती ना? मग खांदा सुधारला म्हणून स्कोअर उतरला, प्रश्नावलीने तिचं काम चोख केलं. आयसीसीला माणसं स्थिर लागतात. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न विचारा, दुखणं तेव्हापेक्षा कमी, जास्त की तसंच, आणि 'तसंच' म्हणणारेच त्यात धरा, असे निदान ५० तरी जमवा. बाकीचे टाकून देऊ नका, बदल टिपता येतो का हे त्यांच्यावरच कळेल. आणि अल्फावर नाचू नका, एकाच खांद्याबद्दल १३ प्रश्न विचारले की तो चढतोच, ०.९५ च्या वर गेला तर उलट संशय घ्यायचा.

दापोलीची फिजिओ
हो चालू होती, थांबवणार कशी, एसटीने लांबून येतात बिचारे.

झेलावाला
डेटा एप्रिल-मेमधला आहे का? स्पाडी मागच्या आठवड्याचं विचारते. दिवसभर झेला वर धरून हापूस उतरवणारा गडी पहिल्यांदा भरतो आणि दुसऱ्या वेळेपर्यंत बाग आटपलेली असते, मग आकडा पडणारच की. आठवडाभराचा गॅप पुरे. आणि वाचून कोण दाखवतं? एकदा तुम्ही, एकदा इंटर्न असं असेल तर तिथेही फरक पडतो, समोर मॅडम बसल्या की आपली माणसं 'बराय' म्हणून मोकळी होतात.

किनाऱ्यावरची
एक प्रश्न मात्र बदलाच, मागच्या खिशातून वस्तू काढण्याचा. नऊवारीला खिसा कुठला? कोळीण एकदा रिकामं सोडते, पुढच्या वेळी अंदाजे ठोकते. मागे कासोटा खोचणं विचारा, हात तसाच पाठीमागे जातो. कमिटीला नाही पटलं तर 'लागू नाही' ठेवा आणि तेवढे गुण भाजकातून वजा करा, शून्य भरू नका.

दापोलीची फिजिओ
कासोट्याचं कमिटीपुढे ठेवते. पण 'तसंच'वाले ५० जमेपर्यंत थीसिस लांबली म्हणायची!

खांदेकरी
लांबू दे. एसईएम (मोजमापातली चूक) पण काढून ठेवा, एमडीसी (खरा बदल म्हणायला लागणारा किमान फरक) त्यातूनच निघतो, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतातच.