खडपातला खाऱ्या पाण्याचा टँक: कोण कोणासोबत नांदेल?

डोंबिवलीचा_खडपकर
राम राम मंडळी. टँक 3 × 1.5 × 1.5 फूट, म्हणजे साधारण 190 लिटर. स्टँड आणि साधा लाइट आहे. बाकी सगळं मिळून 15 हजार, त्यापुढे घरून एक रुपया सुटणार नाही. गाव गुहागरकडचं, त्यामुळे रंगीत कोरलवालं रीफ नकोय. ओहोटीला आपल्या खडपात, कातळाच्या खळग्यांत दिसतं तेच हवंय: सार्जंट मेजर माशाची पिल्लं, गोबी आणि ब्लेनी हे छोटे मासे, हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा), शंख, एखादं समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा जीव) आणि कातळावर तुरुतुरु पळणारा तो काळा-हिरवा खेकडा. यातलं कोण कोणाबरोबर राहील? दुकानदार म्हणतो, दोन क्लाउनफिश आणि एक ब्लू टँग न्या, विषय संपवा.

पुणेरी_पंप
चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, कुठला घेताय ते आधी सांगा. मी 42 हजारांचा बसवला, मे महिन्यातही काटा 26 च्या वर जात नाही. चिलरशिवाय खारं पाणी म्हणजे पैसे समुद्रात.

डोंबिवलीचा_खडपकर
दादा, बजेट 15.

पुणेरी_पंप
वाचलं हो. ईएमआयवर मिळतो.

निमोची_आई
दुकानदार बरोबर सांगतोय. आमच्याकडे क्लाउनची जोडी आहे, पाहुणे आले की चहा गार होतो पण टँकपासून हलत नाहीत. मातकट मासे बघायला कोण येणार?

कातळकुर्ली
निमोची आई, त्यांना खडप हवंय, पाहुणे नकोत. (ह.घ्या.)

ब्लू टँग तीन फुटांत अजिबात नको. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला लांबी लागते.

आता मूळ प्रश्न. खळग्यातले जीव दुपारचं ऊन आणि पावसाचं गोडं पाणी दोन्ही झेलतात, त्यामुळे चिलरवाचून अडत नाही. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो. वेव्हमेकरने (लाटा करणाऱ्या छोट्या पंपाने) पृष्ठभाग सतत हलता ठेवा, वरून एक छोटा पंखा सोडा.

सार्जंट मेजर पिल्लू असताना गोड दिसतो. वीतभर झाला की अख्खा टँक आपल्या बापाचा समजतो आणि ब्लेनीला दगडामागून बाहेर येऊ देत नाही. वगळा. गोबी दोन, ब्लेनी एक, बस. ब्लेनी शेवाळ खरवडते, पण नवीन टँकमध्ये शेवाळच नसतं, म्हणून ती सगळ्यात शेवटी. समुद्रफुलाचं म्हणाल तर ते जागा बदलत फिरतं, पंपाला जाळी नसेल तर एक दिवस आत ओढलं जातं.

हर्मिट क्रॅबना मोठे रिकामे शंख जास्तीचे द्या. नवीन शंख मिळाला की ते नांगी आत घालून चाचपतात, उलटासुलटा करतात आणि क्षणात घर बदलतात. शंख नसतील तर जिवंत गोगलगाईला बाहेर काढून तिचा घेतात. खेकडा मात्र नको. रात्री झोपलेला मासा पकडतो.

चिंबोरी_प्रेमी
कुर्ली टँकमध्ये कशाला? तिरफळ घाला, कालवण करा.

मालवणी_मसाला
कुर्लीला तिरफळ?? बांगड्याला घालतात हो.

चिंबोरी_प्रेमी
आमच्याकडे घालतात.

सागरवेडा
स्वयंपाकघर बंद करा जरा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, तिथून काहीही उचलायचं नाही. आणि कोरल, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या कुठल्याच किनाऱ्यावरून नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. कोरल चिकटलेला दगडही त्यात आला.

अंधेरी_वेस्ट
+1 कातळकुर्ली. चिलर पाहिजेच.

कातळकुर्ली
मी नेमकं उलटं लिहिलंय.

भरती_ओहोटी
दगडांवरून आठवलं. खडपात हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा असतो ना, झोअँथिड, तो असलेला दगड आणू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. आमच्या रूममेटने असा दगड ‘निर्जंतुक’ करायला उकळत्या पाण्यात टाकला. वाफेने दोघांना रात्रभर खोकला, ताप आणि थंडी. डॉक्टरांना काय झालंय ते सांगताना पुरेवाट झाली. उकळू नका, कोरडा ब्रशही मारू नका.

निमोची_आई
म्हणूनच म्हणते, दुकानातून घ्या.

अंधेरी_वेस्ट
पाणी कुठलं वापरणार? मी गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणायचो.

कातळकुर्ली
मुंबईचं किनाऱ्याचं पाणी नको, सांडपाणी मिसळलेलं असतं. आरओच्या पाण्यात मीठ, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, घनता 1.025. मीठ ॲक्वेरियमचंच, किराणा दुकानातलं नव्हे. मग चार ते सहा आठवडे रिकामा टँक चालवा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवल्याशिवाय एकही जीव नाही. आणि तांबं असलेलं औषध कधीच नाही. माशाला लागू पडेल, पण शंख आणि खेकडे जातील.

मालवणी_मसाला
झाकण विसरू नका. बॅथिगोबियसच्या जातकुळीतल्या गोबी ओहोटीत एका खळग्यातून दुसऱ्यात उडी मारतात. टँकच्या बाहेर दुसरा खळगा म्हणजे तुमची फरशी.

पुणेरी_पंप
जुना चिलर आहे एक. 20 हजारांत देतो, फक्त धाग्यावरच्या लोकांना.

डोंबिवलीचा_खडपकर
सगळ्यांचे आभार. विचार करून ठरवलं: मासे नकोच, खेकडा ठेवतो. एकच.

टँक अर्धाच भरणार. दगड पाण्याबाहेर येतील असे रचणार, म्हणजे त्याला चढून बसता येईल. मीठही निम्मं, साडेतीन किलोच्या आत काम होतं. सोबत दगडाला चिकटणारे ते छोटे काळे शंख.

कातळकुर्ली
खेकडा ते शंख फोडून खाईल.

डोंबिवलीचा_खडपकर
खाऊ दे, गावाला भरपूर आहेत.

कातळकुर्ली
एवढं सगळं मी कोणासाठी लिहिलं मग?

भरती_ओहोटी
माझ्यासाठी. वाचनखूण साठवली आहे.

डोंबिवलीचा_खडपकर
एक राहिलं. झाकणाला काच की जाळी?

मालवणी_मसाला
जाळी. काचेने उकाडा कोंडतो. कडेने घट्ट बसवा, सिलिकॉनवरून वर चढेल तो.

निमोची_आई
काच. आमच्याकडे काचच आहे.