भारतप्रदक्षिणेचा शेवटचा टप्पा: सायकलवर रेडी ते मांडवा

चाकोरीबाहेर: मुंबईहून निघालेली प्रदक्षिणा आता गोव्यापर्यंत आली आहे. महामार्ग ६६ टाळून गोव्याच्या सीमेलगतच्या रेडीहून किनाऱ्याने अलिबागजवळच्या मांडव्याला जायचंय. सामान १८ किलो. पेडलजवळच्या तीन चक्रांना ५०-३९-३० दाते, मागच्या चक्रांना ११ ते ३२, ब्रेक चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबणारे. एवढ्या गियरवर जमेल का? गोव्यात काय बदलून घेऊ?

सडा_चढण: किनारा म्हणजे सपाट, हा समज आधी सोडा. खाडी आली की रस्ता सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावरून, थेट पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे तेवढाच चढतो, तोही छोट्या, खड्या घाट्यांनी. सामानासकट पुढे ३०-मागे ३२वर गुडघे धरतील. आतली ३० दात्यांची चेनरिंग (पुढचं चक्र) काढून २६ची बसवा. आतल्या बोल्टांचं वर्तुळ ७४ मिमी असेल तर २४चीही बसते. मग पुढे लहान-मागे लहान जोडीत चेन लोंबेल, ती जोडी वापरू नका. पण म्हणून चेन आखूड करू नका. चुकून पुढे मोठी-मागे मोठी जोडी पडली तर डिरेलरच (मागे गियर बदलणारा भाग) उखडेल.

खारावारा: आधी चेन मोजा. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा, तिथून पुढची २४वी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. १/१६ इंच पुढे असेल तर चेन बदला. १/८ पुढे असेल तर कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) गेली, नवी चेन तिच्यावर उड्या मारेल.

ब्रेककडे तर रोज बघा. जांभ्याची लाल धूळ आणि बारीक खडे पॅडमध्ये रुततात आणि रिम खरवडतात. टोच्याने उकरून काढा. उतारावर ब्रेक दाबून ठेवला की रिम तापते, ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा आळीपाळीने, थोडा थोडा दाबा. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने खार पुसा, चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, सकाळी वरचं तेल पुसून टाका. प्रेशरचा फवारा नको, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

तरीवाला: दक्षिणेकडून येताना जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या फेरीबोटी सायकल घेतात. चुकली तर खाडीला वळसा लांबचा पडतो, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारा. जेटीच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे उतरून चाला. मांडव्याहून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मुंबईत भाऊच्या धक्क्याला जा. वडखळ-पनवेलची ट्रकची गर्दी टळते.

चाकोरीबाहेर: २६ची घेतो. पुढे मुंबईहून सायकल रेल्वे पार्सलने पाठवायची आहे, पेडल निघतील ना?

खारावारा: निघतील, पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. खाऱ्या हवेत जाम होतं, म्हणून आत्ताच दोन्ही काढून आट्यांना ग्रीस लावा. सीटपोस्टलाही.