ढग आणि प्रारणाच्या अभ्यासासाठी आर्क्टिक केंद्र: किनाऱ्यावर की समुद्रबर्फावर?

हिमरेषा (प्रश्न):
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आर्क्टिकमधील ढग आणि प्रारण (रेडिएशन) यांच्या निरीक्षणकेंद्राचा आराखडा करत आहे. हिवाळ्यात सूर्यच उगवत नसेल, तर प्रारण मोजण्यावर एवढा खर्च कशासाठी, असे मार्गदर्शकांनी विचारले आणि मी निरुत्तर झाले. शिवाय केंद्र किनाऱ्यावर असावे की समुद्रावरील बर्फावर, हेही ठरत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तरवारा:
मार्गदर्शकांच्या प्रश्नातच तुमच्या आराखड्याचा गाभा आहे. ध्रुवीय रात्रीत ऊन नसले, तरी ढगांकडून खाली येणारे दीर्घतरंग प्रारण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण, असतेच, आणि तेथील ढगांत उणे २० अंशांनाही न गोठलेले पाण्याचे थेंब सापडतात. १९९७-९८ मध्ये ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात गोठवून ठेवलेल्या जहाजाभोवती 'शेबा' ही आर्क्टिक महासागराच्या पृष्ठभागावरील उष्णतेचा ताळेबंद मोजणारी मोहीम झाली. तिच्या हिवाळी नोंदींत निरभ्र आकाशाखाली बर्फाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट गमावत होता, आणि पाणी असलेला ढग आला की हा तोटा जवळजवळ शून्यावर येत होता. म्हणून लेसर किरणांनी थेंब आणि हिमकण यांतला फरक ओळखणारे लायडार आणि ढगातील पाणी मोजणारे सूक्ष्मतरंग रेडिओमीटर यांना यादीत अग्रक्रम द्या.

जागेबाबत माझे मत स्पष्टपणे किनाऱ्याच्या बाजूने आहे. बर्फावरचा तळ वाहत जातो आणि वर्षभरात गुंडाळावा लागतो. याउलट अलास्कातील बॅरो, म्हणजे आताचे उत्कियाग्विक, येथे त्याच सुमारास सुरू झालेले केंद्र पुढे दशकानुदशके नोंदी देत राहिले.

दवबिंदू:
मी काही आठवडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंडला होतो, जिथे २००८ पासून आपले, म्हणजे भारताचे, 'हिमाद्री' संशोधनकेंद्र आहे. फ्योर्डभोवतीच्या (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीभोवतीच्या) डोंगरांनी तिथले क्षितिज अडते, म्हणजे उपकरणाला पूर्ण आकाश दिसत नाही. बॅरोच्या सपाट टुंड्रावर तो प्रश्न येत नाही. पण खरा शत्रू हिमतुषार. सकाळी पाहावे तर प्रारण मोजणाऱ्या उपकरणाच्या घुमटावर साखरेच्या दाण्यांसारखा पांढरा थर बसलेला असतो, आणि आकाश निरभ्र असूनही आकडा ढगाळ दिवसासारखा चढलेला दिसतो. घुमटाभोवती कोमट हवा खेळवणारा पंखा हवाच, आणि रोज पुसायला माणूसही हवा.

हिमरेषा:
मनःपूर्वक आभार. जनित्राचा धूर मोजमापात येऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तरवारा:
प्रचलित वारा पाहून जनित्र आणि वस्ती केंद्राच्या वाताखालच्या बाजूला, म्हणजे वारा केंद्रावरून जिकडे वाहत जातो तिकडे, ठेवा. बॅरोला वारे मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून येतात, म्हणून तेथील वेधशाळा गावाच्या ईशान्येला आहे.