पोर्टेबल हार्ड डिस्क : कोणती घ्यावी, वीज कुठून द्यावी? अनुभव लिहा

डिस्क घेताना आपण टीबी आणि किंमत बघतो; तिला वीज कुठून मिळणार हे बघायचं राहून जातं. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ज्यांचा यात हात बसला आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

*

२.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा (आतून बहुधा निळा) ९००. चकती फिरायला लागताना डिस्क क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढी वीज मिळाली नाही की चकती वेग घेते, थांबते, पुन्हा घेते आणि टकटक ऐकू येते.

अशा वेळी विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर कृपा करून हो म्हणू नका. आधी डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला, डिस्कसोबत आलेल्या आखूड केबलने लावा. चांगल्या पोर्टवरही टकटक थांबली नाही तर हेड (चकतीवर वाचणारा-लिहिणारा भाग) बिघडलं असण्याची शक्यता मोठी. मग डिस्क लगेच काढा. चालू ठेवाल तेवढा चकतीवर ओरखडा वाढतो.

*

केबलबद्दल हिशोबच देतो. २ मीटर लांब, २८ गेजच्या बारीक तारेत ०.९ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच पडतो. डिस्कपाशी उरतात सव्वाचार. अर्धा मीटरची केबल वापरा, प्रश्न मिटतो.

*

टीव्हीचा पोर्ट बऱ्याचदा ५०० मिलिअँपिअरचाच असतो. दोन तोंडांची वाय केबल चालते, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. बिनअडॅप्टरचा हब एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो, त्यावर फिरती डिस्क लावूच नये. रास्पबेरी पाय ४ (हा एक छोटा, एका बोर्डावरचा संगणक) चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअर देतो: एक डिस्क ठीक, दोन नाहीत. रास्पबेरी पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर यूएसबीला फक्त ६०० मिलिअँपिअर मिळतात. ५ अँपिअरचा लावला तर १.६ अँपिअर.

*

निवडीबद्दल. मोठ्या क्षमतेच्या २.५ इंची डिस्का बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. शेकडो जीबी एकदम ओतले की वेग कोसळतो. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला चालतील, रोज व्हिडिओ एडिटिंगला एसएसडीच (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी) घ्या.

आणखी एक, जे खोक्यावर छापलेलं नसतं: काही डिस्कांचा यूएसबी सॉकेट मूळ बोर्डावरच डाखलेला असतो. तो तुटला तर डिस्क दुसऱ्या डबीत घालून चालवता येत नाही. सॉकेटला केबल लटकू देऊ नका.

*

विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची तर डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. मॅक एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) वाचतो, लिहीत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजायचं माप वेगळं आहे.

दोन हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’ ही मात्र सरळ फसवणूक. आतली चिप क्षमता खोटी सांगते आणि खरी जागा संपली की नव्या फाइली वाया जातात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री चालवून पूर्ण डिस्क एकदा भरून तपासा, परतीची मुदत संपायच्या आत.